बाथरूमला वास येतोय? फिनेल ओतण्याआधी जाळी उचला

"दादा, एवढं फिनेल ओतलं तरी वास काही जात नाही हो." डोंबिवली-ठाण्याकडे प्लंबिंगची कामं करताना हे वाक्य माझ्या कानावर सारखं पडतं. काकू, फिनेलने वास जात नसतो, झाकला जातो. जाळीवर ठेवलेल्या डांबरगोळ्यांचंही तेच. वास कशाचा आणि कुठून येतोय ते आधी शोधा, काय ओतायचं ते मग बघू. पुष्कळदा साध्या पाण्यावर काम भागतं.

जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्याच्या वळणात साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच पाणी कायम उभं राहायला हवं. अलीकडे तुमचं बाथरूम, पलीकडे ड्रेनेजची लाइन आणि मधे अडसर म्हणून फक्त तेवढं पाणी. ते आटलं की गटाराची हवा थेट घरात येते, मागोमाग झुरळंही.

आता नाक कामाला लावा. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे लाइनमधला हायड्रोजन सल्फाइड. ट्रॅप कोरडा पडलाय किंवा कुठेतरी फट आहे. जाळीजवळ वाकल्यावरच येणारा कुजकट, आंबूस वास केस आणि साबणाच्या मळीचा. भिंतीपाशी नुसताच कुबट वास येत असेल तर पाणी मुरतंय, आणि त्याला खाली सांगितलेले उपाय लागू पडत नाहीत.

कोरड्या ट्रॅपचं सोपं आहे. मे महिन्यात सगळे गावाला जातात, घर बंद राहतं, उकाड्यात पाणी उडून जातं. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या, कोणी न वापरणाऱ्या बाथरूमचंही असंच होतं. एक्झॉस्ट फॅन लावल्यावर वास कमी व्हायच्या ऐवजी वाढला तर समजा, पंखा लाइनमधली हवा वर ओढतोय. अर्धी बादली पाणी ओता आणि खिडकी उघडी ठेवा. तासाभरात फरक कळतो. पुढे आठवड्यातून एकदा दोन तांबे पाणी टाकत जा. महिनाभर बाहेर जाणार असाल तर पाण्यावर चमचाभर गोडेतेल सोडा, तवंगामुळे पाणी लवकर आटत नाही.

पाणी ओतूनही वास राहिला तर हातमोजे घालून जाळी उचला. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचे क्षार साचून ती जाम झालेली असते. कडेने जुनी सुरी फिरवा, हातोडी मारू नका, टाइल उडते. खाली बऱ्याच ठिकाणी एक उलटा कप असतो. तो वर ओढला की केसांचा काळा, बुळबुळीत झुबका लोंबत येतो. दिवाळीनंतर तर विचारू नका: अभ्यंगाचं तेल आणि उटण्याची पूड मिळून तळाशी घट्ट लगदा बसतो. हा सगळा ऐवज कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, पुन्हा भोकात ढकलू नका. ट्रॅपची आतली बाजू बाटली धुवायच्या ब्रशने भांड्यांचा साबण लावून घासा, वरून गरम पाणी सोडा. गरमच, उकळतं नको, पीव्हीसीचा पाइप मऊ पडतो. कप धुऊन परत बसवा. पाणी लवकर जावं म्हणून कप काढून फेकून देणारी घरं मी पाहिली आहेत. काही ट्रॅपमध्ये पाणी त्या कपामुळेच अडतं, तो गेला की अडसरही गेला.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर बघायला मजा येते, फेस भरपूर येतो. मळ हलकी असेल तर थोडाफार उपयोग होतो, झुबक्याला काहीच होत नाही. अॅसिड मात्र मी कोणाला सांगत नाही. टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट खातं, आणि त्यावर कोणी ब्लीचिंग पावडर टाकली की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

जाळी स्वच्छ, ट्रॅपमध्ये पाणी, तरी अंड्याचा वास? मग बेसिनखाली बसा. तिथला पांढरा नळीदार वेस्ट पाइप भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या भोकात नुसता खुपसून ठेवलेला असतो आणि भोवती बोटभर फट. वॉशिंग मशीनच्या पाइपचीही तीच गत. पंखा बंद करून फटीजवळ उदबत्ती धरा. धूर बाहेरच्या दिशेला ढकलला गेला तर हवा तिथूनच येतेय. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर काडी ओढण्याआधी सिलिंडर बंद करा आणि हा वास गॅसचा नाही याची खात्री करून घ्या. फटीत पाइपच्या मापाचं रबरी वॉशर बसवा. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतं. एम-सीलनेही फट बंद होते, पण पुढच्या वेळी पाइप काढायचा तर तोडावं लागतं. बेसिनला बॉटल ट्रॅप, म्हणजे पाणी धरून वास अडवणारा बाटलीसारखा जोड, नसेल तर तोही लावून घ्या. त्याचा खालचा पेला हाताने फिरवून उघडतो. आधी बादली ठेवा, मग उघडा. बेसिनच्या कडेला वरती जे ओव्हरफ्लोचं भोक असतं, तिथेही मळ साचते, ब्रश आत घालून बघा.

वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केला की तुमच्या ट्रॅपमध्ये गुडगुड होते का? मग दोष तुमच्या घरात नाही. लाइनला हवा मिळत नाही, त्यामुळे खाली जाणारं पाणी तुमच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतं. गच्चीवर जाऊन वेंट पाइपचं, म्हणजे लाइनला हवा देणाऱ्या पाइपचं तोंड बघायला सांगा. पानं, घरटं, कधी गळती थांबवणाऱ्याने बसवलेलं बूच, असं काहीही निघतं. पावसाळ्यात इमारतीखालचं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं तरी हीच गुडगुड ऐकू येते. चेंबर साफ करायला माणूस आत उतरवू देऊ नका. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने बंद आहे आणि आतल्या वायूने माणसं दगावतात. मशीनवालाच बोलवा. सोसायटीला अर्ज देताना गुडगुड कोणत्या मजल्यांवर आणि किती वाजता होते ते लिहा, नाहीतर कोणीतरी येऊन तुमचीच फरशी फोडायला घेईल.