धंदा अडचणीत असताना प्रार्थना कशी करावी: उधारीची वही उघडी ठेवून

१ जूनला बोटी किनाऱ्यावर ओढल्या की आमची बाजारपेठ गप्प होते. ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी, आंबा संपलेला, पर्यटक पावसाआधीच परतलेले. वेंगुर्ल्याकडे आमची छोटी बेकरी आहे, लाकडाच्या भट्टीची. या दोन महिन्यांत पाव जवळजवळ तेवढाच खपतो, पण गल्ल्यात नोटा कमी पडतात आणि वहीत नावं वाढतात. सरपण ओलं, भट्टी धुमसते, मैद्यावाल्याचा फोन वाजतो.

वर्षानुवर्षं मी एकच प्रार्थना केली: "देवा, धंदा चालू दे." म्हणायचो आणि तेच ओझं पाठीवर घेऊन उठायचो. प्रार्थना खोटी नव्हती, पण मोघम होती. मी देवाला काहीच दाखवत नव्हतो. पुढे हळूहळू जी रीत बसली ती इथे लिहितोय. खानावळ असो, होमस्टे असो, शिलाईचं दुकान असो नाहीतर फळप्रक्रियेचा घरगुती धंदा, ती कुठेही चालेल. मी कॅथलिक आहे, पण यातलं बहुतेक सगळं कोणत्याही पंथाच्या ख्रिस्ती माणसाला करता येईल.

आधी आकडे, मग गुडघे

एका कोऱ्या पानावर तीन गोष्टी लिहा. कोणाला किती द्यायचंय. कोणाकडून किती यायचंय. आणि दुकान उघडलं न उघडलं तरी महिन्याला किती लागतात: भाडं, वीजबिल, कामगाराचा पगार, बँकेचा हप्ता. अंदाजे नको, वही आणि बिलं समोर घेऊन लिहा. शक्य असेल तर नवरा-बायकोने एकत्र बसून लिहा.

हे सांगण्यामागे माझी एक चूक आहे. एका पावसाळ्यात मालाचं थकलेलं बिल मी बायकोपासून लपवलं. तिला ते त्या व्यापाऱ्याच्या फोनवरून कळलं. त्या सगळ्या दिवसांत आम्ही रात्री एकत्र रोझरी (मरियेची जपमाळ) म्हणत होतो, शेजारी शेजारी बसून, आणि ते बिल आमच्या मध्ये पडलेलं होतं. ती भांडली नाही. "मला सांगितलं असतंस तर मीपण तेच मागितलं असतं," एवढंच म्हणाली.

वेळ ठरवून घ्या. दुकान उघडण्याआधीची पंधरा मिनिटं पुरतात. मी पहाटे पीठ मळून फुगायला ठेवलं की बसतो, कारण तेव्हा हाताला दुसरं काम नसतं. ज्या टेबलावर पैसे मोजता तिथेच बसा.

मग गाऱ्हाणं घाला

गाऱ्हाणं म्हणजे काय ते कोकणात कोणाला समजावून सांगायला नको. देवळासमोर उभं राहून नाव, गाव, अडचण, सगळं मोठ्याने सांगायचं आणि जमलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. आम्हा ख्रिस्ती घरांत ही रीत नाही, पण बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र वाचलं की मला तोच सूर ऐकू येतो. सहाच ओव्यांचं स्तोत्र आहे, आणि सुरुवातीलाच स्तोत्रकर्ता देवाला चार वेळा विचारतो, "किती काळ?" किती काळ तू मला विसरणार, किती काळ तोंड लपवणार. पवित्र शास्त्रात असं बोललेलं चालतं, तर आपल्यालाही बोलता येतं. रडू आलं तर येऊ द्या. तक्रार केली म्हणजे विश्वास कमी, असं मानू नका. ज्याच्यावर विश्वास असतो त्याच्याचपुढे माणूस तक्रार घेऊन जातो.

साधारण असं म्हणा, तुमचे आकडे घालून:

"प्रभू येशू, मैद्यावाल्याचे १८,००० द्यायचे आहेत. हातात ६,००० आहेत. शनिवारी कामगाराचा पगार आहे. मला रात्री झोप लागत नाही आणि मी मुलांवर विनाकारण ओरडतो. किती दिवस असं चालणार? तू हे पान बघ. मी काही लपवलेलं नाही."

एक सवय मात्र सोडावी असं मला मनापासून वाटतं, ती म्हणजे सौदा. सायबिणीला, म्हणजे मरिया मातेला, नवस बोलणारे आमच्यातही पुष्कळ आहेत: ही ऑर्डर मिळाली तर इतक्या मेणबत्त्या. कृतज्ञतेने मेणबत्ती लावणं फार सुंदर आहे. पण अट घालून मागितलं, की ऑर्डर न मिळाल्यावर माणसाला वाटतं आपला भाव कमी पडला. तसंच कोणी सांगितलं की अमुक रक्कम दान पाठवा, देव दसपट परत करील, तर तिथे एक रुपयाही देऊ नका. येशूने असा व्यवहार कुठेच शिकवलेला नाही.

आजच्यापुरतं मागा

येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतली 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' ही ओळ बेकरीवाल्याला जरा जास्तच जवळची. या ओळीत "आज" आहे. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात रानात पडणारा मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, लोकांनी रोजचा रोज गोळा करायचा होता. ज्यांनी उद्यासाठी राखून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती.

पान समोर ठेवून विचारा: यातलं आज काय आहे? हप्ता २० तारखेचा असेल आणि आज ९ तारीख असेल, तर आज हप्ता मागू नका. आज चार पोती सरपण, एक चांगली ऑर्डर, एका माणसाशी शांतपणे बोलायचं बळ, असं मागा. संपूर्ण कर्ज एकदम फिटावं असं मागणं चुकीचं नाही, पण त्याने पहाटेच छाती दडपते. आजचं मागितलं की दिवसभर त्यावर नजर ठेवता येते.

आता याच प्रार्थनेतली पुढची ओळ, जी मला सगळ्यात अवघड गेली. मत्तयाच्या शुभवर्तमानात (६:१२) मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ "ऋणे" असा आहे, आणि आपल्या मराठी भाषांतरातही तसंच आहे: जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले, तशी तू आमची ऋणे सोड. अपराध हा अर्थ त्यात आहेच. पण धंदेवाल्याने ही ओळ उधारीच्या वहीवर हात ठेवून म्हणून बघावी.

याचा अर्थ सगळ्यांची उधारी फाडून टाका, असा मी घेत नाही. तसं केलं तर मैद्यावाल्याचं देणं मी बुडवीन. मी असं करतो: वहीतलं एकेक नाव वाचतो आणि त्या माणसासाठी आधी प्रार्थना करतो, मग त्याच्या पैशांसाठी. नाव वाचता वाचता दोन गट आपोआप पडतात. काहींकडे खरंच नाही. काहींकडे आहे, पण देत नाहीत. आमच्या वाडीतली एक कोळीण बंदीच्या दिवसांत रोज चार पाव नेते. "भाऊ, बंदी सुटली काय देतंय," म्हणते आणि पावसात छत्री नसल्यामुळे पाव पदराखाली धरून जाते. तिच्या नावापुढे मी फक्त तारीख लिहितो आणि गप्प राहतो. तिच्याकडे मागायला जायचं नाही, हे मला प्रार्थनेतच उमगलं. आणि एका मोठ्या हॉटेलकडे तीन महिन्यांचे पैसे अडकले होते, तिथे लाज न बाळगता लेखी मागायचं, हेही प्रार्थनेतच. सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून सरकारकडे उद्यम नोंदणी केलेली असेल, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे माल घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. ही नोंदणी फुकट होते. करून ठेवा.

"तुझ्या घरात काय आहे?"

बायबलमधलं २ राजे हे पुस्तक, चौथा अध्याय, पहिल्या सात ओव्या. कर्जात बुडालेल्या प्रत्येकाने त्या वाचाव्यात. नवरा मेलेला, सावकार दोन मुलांना गुलाम करून न्यायला आलेला, आणि ती विधवा अलीशा संदेष्ट्याकडे धाव घेते. तो तिला पैसे देत नाही. विचारतो, "तुझ्या घरात काय आहे?" ती म्हणते, तेलाच्या एका भांड्याखेरीज काहीच नाही. तो सांगतो, शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी माग, थोडीथोडकी नको. दार लावून ती तेल ओतत जाते, भांडी भरत जातात. मग तो म्हणतो, तेल विक, कर्ज फेड, उरलेल्यावर तू आणि मुलं जगा.

चमत्कार देवाचा होता, पण भांडी शेजाऱ्यांची होती आणि विक्री तिने स्वतः केली. म्हणून रोजच्या प्रार्थनेत पाच मिनिटं या प्रश्नासाठी ठेवा. पेन हातात घ्या, दुकानभर नजर फिरवा, जे आहे ते लिहा. आम्ही लिहिलं तेव्हा यादीत "भट्टीची उरलेली ऊब" असं बायकोने लिहिलं. सकाळचा पाव निघाला तरी भट्टी दुपारपर्यंत तापलेली असते. पूर्वी लोक घरून रवा, मैदा, तूप, साखर आणून बेकरीत नानकटाई भाजून न्यायचे. आमच्याकडे ते कधीच बंद पडलं होतं. आम्ही दारावर पाटी लावली: नानकटाई भाजून मिळेल, भाजायचे पत्रे आमचे. पहिल्या आठवड्यात तीन बायका आल्या. गणपतीच्या आधी रांग लागली. भट्टीचं तोंड उघडलं की तुपाचा वास रस्त्यापर्यंत जायचा आणि वाटेने जाणारे आत डोकावून टोस्ट घेऊन जायचे. त्याने कर्ज फिटलं नाही, पण सरपणाचा खर्च निघायला लागला.

ज्या गोष्टींचा मोह होतो त्या देवापुढे बोला

मैदा महागला की पहिला विचार येतो तो पावाचं वजन थोडं कमी करण्याचा. गिऱ्हाइकाला कळत नाही. खोट्या काट्याचा परमेश्वराला वीट आहे, हे नीतिसूत्रांत (११:१) आहे. भाव वाढवायचा असेल तर पाटीवर लिहून वाढवा, वजन चोरू नका. आणि बायबलमधलं अनुवाद नावाचं पुस्तक (२४:१५) सांगतं की गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्या, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. देणी थकली की आपण आधी मोठ्या माणसाचं भागवतो आणि भट्टीवरच्या पोराला "पुढच्या शनिवारी" म्हणतो. मीही म्हटलंय. त्या शनिवारी प्रार्थनेला बसलो, शब्दच फुटले नाहीत.

दोघं-तिघं जमा

पैशाची अडचण माणसाला एकटं पाडते. चर्चमध्ये आजारासाठी विनंती सगळे सांगतात, कर्जासाठी कोणी सांगत नाही. म्हणून रविवारी मिस्सानंतर (कॅथलिक उपासनेनंतर) किंवा उपासनेनंतर, धंदा करणाऱ्या दोघा-तिघांनी अर्धा तास बसावं. 'जिथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमतात' हे वचन आहेच. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, हे पहिल्याच दिवशी तोंडाने कबूल करा. उपदेश करायचा नाही. एकाने आपली अडचण सांगायची, दुसऱ्याने ती प्रार्थनेत जशीच्या तशी उच्चारायची. आपला आकडा दुसऱ्याच्या तोंडून देवासमोर गेला की त्याचं ओझं हलतं. कॅथलिक असाल तर संत योसेफाची मध्यस्थी मागा. तो सुतार होता, त्यालाही काम मिळण्या न मिळण्याचे दिवस असणार. १ मे हा श्रमिक योसेफाचा सण पोप पायस बारावे यांनी १९५५ साली सुरू केला.

त्या गटात कोणी "आता जगून काय करायचं" असं बोललं, तर प्रार्थनेवर थांबू नका. त्याच्या घरच्यांना कळवा, त्याला एकटं सोडू नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर त्याच्यासोबत बसून फोन लावा.

आमेन म्हटल्यावर लगेच एक काम

उठल्यावर पहिल्या तासात एकच ठोस काम करा. बहुतेकदा ते नकोसा फोन हेच असतं. हप्ता चुकणार हे दिसत असेल, तर चुकण्याआधी बँकेत जा. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादित (एनपीए), म्हणजे थकीत कर्जाचं, धरलं जातं, आणि मग बोलायला जागा कमी उरते. खासगी सावकाराकडे जायची वेळ आली, तर आधी परवाना विचारा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही.

आणि धंदा बंदच करावा लागला तर? २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ, २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ, त्याच वर्षी जुलैच्या २२ तारखेला चिपळूणचा पूर. कित्येकांची दुकानं चिखलात गेली. ती पापाची शिक्षा होती असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका. हबक्कूक संदेष्टा अंजिराला फुलं नाहीत, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, असं एकेक मोजून सांगतो आणि तरीही परमेश्वरात आनंद मानतो. तो रिकामा गोठा नाकारत नाही. शटर ओढायचं असेल तर ओढण्याआधी आत उभं राहून प्रार्थना करा, कामगारांना हिशेब द्या, उसनी आणलेली भांडी परत करा.

शेवटचं काम छोटं आहे. उधारीच्या वहीचं मागचं पान उलटं धरून त्यावर तारखेनिशी लिहीत जा: काय मागितलं, काय झालं. नुसतं चांगलं नको, झालं ते लिहा. माझ्या पानावरची एक नोंद अशी आहे: "१२ ऑगस्ट. कोळणीने २०० रुपये आणि सहा बांगडे दिले. हॉटेलवाल्याने निम्मे पाठवले. मैद्यावाल्याचे ७,००० अजून बाकी."