व्हीएमसाठी स्टोरेज घेताय? टीबी नंतर बघा

आधी किती टीबी हे नका विचारू, आयओपीएस (सेकंदाला किती रीड-राइट होतात तो आकडा) किती लागतील ते बघा. वीस-पंचवीस व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरवर चालणारे आभासी कॉम्प्युटर) एकाच स्टोरेजवर बसले की सगळ्यांचं रीड-राइट मिसळून लोड पार रँडम (डिस्कवर इकडेतिकडे विखुरलेला) होतो, आणि ७२०० आरपीएमची डिस्क तिथं जेमतेम ७५-१०० आयओपीएस देते, मग ती कितीही मोठी असो, सकाळी सगळे लॉगिन झाले की बोंबाबोंब ठरलेली. त्यात रेड ५ (रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून डेटा सांभाळायची पद्धत) असेल तर एका छोट्या राइटमागे डिस्कवर ४ ऑपरेशन्स, रेड १० ला २च. डेटाबेस असेल तर जागा गेली तरी चालेल, रेड १० च घ्या.

एसएसडी पॉवर लॉस प्रोटेक्शनवाल्याच (अचानक वीज गेली तरी लिहिला जाणारा डेटा वाचवणाऱ्या) हव्यात, लॅपटॉपवाल्या स्वस्त नकोत (आम्ही तो उद्योग करून बसलोय, दुप्पट खर्च झाला).

दोन-तीन होस्टला (व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरना) १० गिगाबिट नेटवर्कवर आयस्कझी किंवा एनएफएस (साध्या नेटवर्कवरून स्टोरेज वापरायच्या पद्धती) आरामात पुरतं, फायबर चॅनल (स्टोरेजसाठीचं खास वेगळं नेटवर्क) आधीपासून नसेल तर त्यात पडूच नका. सेफ (Ceph, अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एक स्टोरेज करणारं सॉफ्टवेअर) वगैरे भारी आहे पण ते सहसा ३ कॉपी ठेवतं, ३० टीबी घेतले तर हातात १० पण धड येत नाहीत.

आणि स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची जपलेली स्थिती) त्याच स्टोरेज बॉक्समध्ये असतो, बॉक्स गेला की तोही गेला, म्हणून बॅकअपचे पैसे आधीच वेगळे काढा.