पहिला हाय-फाय सेट: खिसा हलका असताना

माझ्या पहिल्या सेटची खरेदी मी नेमकी उलटी केली. आधी घेतला ॲम्प्लिफायर (थोडक्यात ॲम्प, सिग्नलची ताकद वाढवून स्पीकर चालवणारा डबा), कारण त्याची जाड ॲल्युमिनियमची दर्शनी पट्टी आणि जडशीळ व्हॉल्यूमचं बटण पाहून मी भाळलो होतो. उरलेल्या पैशांत जे बसले ते स्पीकर आणले आणि पुढची दोन वर्षं उत्तम ॲम्पवर वाजणारे रडके स्पीकर ऐकत बसलो.

तेव्हा निम्म्याहून जास्त पैसे आधी स्पीकरसाठी बाजूला काढा. साधा, धडधाकट ॲम्प २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे सूर जवळपास एकसारख्या ताकदीने पुढे पाठवतो. स्पीकरचं तसं नसतं. तिथे कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा पडदा खरोखर हलत असतो, आणि एका स्पीकरचा आवाज दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे हे पहिल्या मिनिटात कळतं. गाणी वाजवायला सुरुवातीला हातातला फोन किंवा कुणाचा पडून असलेला सीडी प्लेअर चालेल. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीचं १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ हे आवाज नोंदवण्याचं माप आजही कानाला पुरून उरतं. रेकॉर्ड प्लेअरचा मोह मात्र आवरा. त्याच्या सुईतून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा, त्यामुळे तो आधी वाढवून देणारा फोनो प्रीॲम्प लागतो, सुई झिजते, आणि पहिल्याच वर्षी खर्चाला तोंड फुटतं.

सेकंडहँड स्पीकर घ्यायला घाबरू नका, पण तपासून घ्या. वूफरच्या, म्हणजे बास (खालचे, जाड सूर) वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याच्या, कडेची गोल पट्टी फोमची असेल तर बोटाने हलकेच दाबा. भुगा निघाला किंवा ती चिकट लागली तर सोडून द्या. रबराची पट्टी जास्त टिकते. मग चारही बोटं पसरून पडदा सरळ आत ढकला. आत घासल्याचा आवाज आला तर पडदा हलवणारी तारेची कॉइल वाकडी झालेली आहे. शेवटी बॅलन्सचं बटण एकदा पूर्ण डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून दोन्ही ट्वीटर (वरचे, बारीक सूर वाजवणारे छोटे पडदे) वेगवेगळे ऐका. मुका ट्वीटर जोडीदाराच्या आवाजात सहज लपतो.

जुन्या ॲम्पचं बटण फिरवताना खरखर होत असेल तर मनातल्या मनात खूश व्हा आणि घासाघीस करा. बहुतेक वेळा ती आतली धूळ असते, काँटॅक्ट क्लीनरने जाते. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही स्पीकरमधून मोठा हूं ऐकू येत असेल तर मात्र निघून या. पॉवर सप्लायचे, वीज साठवणारे कपॅसिटर थकलेले असण्याची शक्यता मोठी. आणि ॲम्प स्वतः उघडू नका. प्लग काढला तरी ते कपॅसिटर झटका देऊ शकतात.

वॅटच्या आकड्यांना भुलू नका. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने (हे आवाजाच्या पातळीचं माप) वाढतो. एक वॅटला एक मीटरवर ८७ ऐवजी ९० डेसिबल देणारा स्पीकर घेतला की तेच काम अर्ध्या ताकदीत होतं. साध्या खोलीला २०-३० वॅट भरपूर. फक्त ॲम्पच्या पाठीमागे किमान किती ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकर चालेल ते वाचा; ८ लिहिलं असेल तर ४ ओहमची जोडी लावू नका.

वायर साधी, दोन पदरी, तांब्याची, १.५ चौरस मिलिमीटरची. ब्लेडने एक तार खरवडा. आत पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे.

जोडताना ॲम्प बंद ठेवा आणि लाल टोक लालला, काळं काळ्यालाच लावा. हे मी का सांगतोय? मी एका बाजूला उलटं लावलं होतं. बास गायब, गायिकेचा आवाज खोलीभर पसरलेला, नेमका कुठून येतोय ते कळेना. दोन महिने स्पीकरला शिव्या घातल्या, विकायलाही काढले होते. शंका आली तर दोन्ही स्पीकर समोरासमोर जवळ ठेवा आणि बासचं गाणं लावा. मग ॲम्प बंद करून एकाच स्पीकरची टोकं बदला आणि पुन्हा ऐका. ज्या जोडणीत बास भरदार, ती बरोबर.

राहिली मांडणी, आणि तिला दमडीही लागत नाही. छोट्या स्पीकरना ‘बुकशेल्फ’ म्हणतात म्हणून ते पुस्तकांच्या फळीत कोंबू नका. भिंतीपासून हातभर पुढे आणा, कोपरा टाळा, कोपऱ्यात बास नुसता घुमतो. ट्वीटर बसलेल्या कानाच्या उंचीला यावा. माझे दोन स्टुलांवर होते. दोन्ही स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण दोरीने मोजून घ्या. मग ओळखीचं एकच गाणं लावून स्पीकर वीत वीत सरकवत राहा. गाणारा माणूस दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, रिकाम्या जागेत उभा राहिल्यासारखा वाटला की थांबा आणि जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा. केर काढताना कुणीतरी ते हलवतंच.