कमी पैशांत गेमिंगचा संगणक: कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी

रत्नागिरी, मालवण किंवा श्रीवर्धनसारख्या ठिकाणी राहून तुटपुंज्या पैशांत गेम खेळण्याजोगा संगणक उभा करायचा असेल, तर दोन प्रश्न एकदमच सोडवावे लागतात. हाती असलेल्या रकमेत जास्तीत जास्त ताकदीचे यंत्र कसे मिळवायचे, हा पहिला प्रश्न सगळीकडचाच आहे. ते यंत्र खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि लहरी वीज यांतून टिकवायचे कसे, हा दुसरा मात्र आपल्या किनाऱ्याचा आहे. माझे मत असे की, २० हजार रुपयांच्या आसपास थांबायचे असेल तर सगळे सुटे भाग नवे घेऊन संगणक जुळवण्याचा विचार सोडून द्यावा. त्याऐवजी कंपन्यांनी वापरून काढून टाकलेला कार्यालयीन सीपीयू (मॉनिटर सोडून संगणकाची अख्खी पेटी) घ्यावा, त्यात वेगळी वीजजोडणी न लागणारे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रे पडद्यावर रंगवणारा भाग, बसवावे आणि रकमेतला एक भाग वीज व दमटपणा यांच्या बंदोबस्तासाठी आधीच बाजूला काढून ठेवावा.

खरेदीला निघण्यापूर्वी कोणते गेम खेळायचे हे ठरवावे, कारण त्यावरच सगळा खर्च अवलंबून असतो. व्हॅलोरंट या ऑनलाइन नेमबाजीच्या गेमची गरज आश्चर्य वाटावे इतकी कमी आहे. सेकंदाला ६० फ्रेमसाठी (म्हणजे ६० चित्रांसाठी) तो बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच सुचवलेला प्रोसेसर (मुख्य चिप) आय३-४१५० आणि कार्ड जीटी ७३० आहे, आणि हे दोन्ही दहा वर्षांहून जुने आहेत. जीटीए ५ साध्या कार्डावरही चांगला चालतो. काउंटर-स्ट्राइक २ मात्र त्याच्या आधीच्या आवृत्तीपेक्षा बराच जड आहे, आणि दरवर्षी येणारे मोठे नवे गेम या रकमेत नीट चालतील अशी आशा धरू नये.

सीपीयू कोणता घ्यावा

डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे प्रोडेस्क व एलिटडेस्क आणि लेनोव्होचे थिंकसेंटर हे सीपीयू मोठ्या कंपन्या ठरावीक वर्षांनी एकगठ्ठा बदलतात, आणि तेच पुढे सेकंडहँड किंवा रिफर्बिश्ड म्हणून बाजारात येतात. त्यांचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेली मुख्य पाटी) व एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) बांधणीने दणकट असतात, आणि वातानुकूलित कार्यालयात आयुष्य गेल्यामुळे ते आतून बहुधा स्वच्छही निघतात. एकाच मॉडेलच्या तीन आकारांत गल्लत मात्र करू नये. पुस्तकाएवढ्या मायक्रो किंवा टायनी आकारात ग्राफिक्स कार्ड सहसा बसत नाही. एसएफएफ म्हणजे आडव्या, सडपातळ आकारात फक्त अर्ध्या उंचीचे लो-प्रोफाइल कार्ड बसते, आणि तशी कार्डे दुर्मीळ असल्याने महाग पडतात. मिनी टॉवरमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड बसते. म्हणून टॉवर मिळत असेल तर हजारभर रुपये जास्त मोजूनही तोच घ्यावा. ते पैसे कार्ड घेताना वसूल होतात.

प्रोसेसरच्या बाबतीत पिढी पाहावी. चौथ्या पिढीचे आय५ सर्वांत स्वस्त मिळतात, पण त्यांची रॅम जुन्या डीडीआर३ प्रकारची असते आणि ती पुढे दुसऱ्या यंत्रात उपयोगी पडत नाही. सहाव्या पिढीपासून डीडीआर४ सुरू होते. आठव्या पिढीत, उदाहरणार्थ आय५-८५०० मध्ये, चाराऐवजी सहा कोअर (आकडेमोड करणारे स्वतंत्र गाभे) मिळतात आणि शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे बसते. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने ही बाब आता किरकोळ राहिलेली नाही. विंडोज ११वर व्हॅलोरंट खेळण्यासाठी टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू असाव्या लागतात, आणि लिनक्स या मोफत प्रणालीवर तर तो चालतच नाही. ज्यांना ऑनलाइन सामन्यांत रस नाही आणि स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातले जुने, एकट्याने खेळायचे गेम पुरेसे आहेत, त्यांनी सहाव्या पिढीचा सीपीयू घेऊन त्यावर लिनक्स टाकले तरी हरकत नाही. स्टीमच्या प्रोटॉन सोयीमुळे विंडोजचे बरेच गेम तेथे सरळ चालतात. इतरांनी आठव्या पिढीसाठी थोडे थांबावे, असा माझा सल्ला आहे.

रॅम १६ जीबी असावी, आणि १६ची एकच पट्टी घेण्याऐवजी ८-८च्या दोन घ्याव्यात, कारण दोन पट्ट्यांमुळे प्रोसेसरला माहिती दुहेरी मार्गाने मिळते. पैसे कमी पडले तर एका ८वर सुरुवात करून दुसरी नंतर टाकता येते. विंडोजसाठी एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, हवाच. जुनी हार्ड डिस्क गेम साठवण्यापुरती ठेवावी.

ग्राफिक्स कार्ड आणि त्यातली फसवणूक

कार्यालयीन सीपीयूतील एसएमपीएस साधारण १८० ते २९० वॅटचा असतो, आणि त्यातून ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी वायर बहुधा निघत नाही. डेल व एचपीच्या अनेक मॉडेलांत मदरबोर्डाचा वीजजोड त्या कंपनीच्या स्वतःच्या घडणीचा असल्याने बाजारातला साधा एसएमपीएस अडॅप्टरशिवाय लागतही नाही. त्यामुळे मदरबोर्डावरच्या लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून (कार्ड बसवायच्या खाचेतून) मिळणाऱ्या ७५ वॅटवरच भागेल असे कार्ड निवडावे लागते. काही एसएफएफ सीपीयूंत ही मर्यादा याहून कमी ठेवलेली असते, म्हणून मॉडेलचे माहितीपत्रक आधी वाचावे. या चौकटीत जीटीएक्स १०५० टीआय आणि जीटीएक्स १६५० ही दोन नावे प्रामुख्याने येतात. दोन्हींत ४ जीबी मेमरी असते. १६५०च्या काही मॉडेलांना सहा पिनांची वायर लागते, ती टाळावीत. दोन्हींत निवड करायची झाली तर मी १६५० घेईन, कारण ते वेगवान आहेच, शिवाय १०५० टीआयच्या पिढीसाठी नव्या गेमांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) काढणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले आहे. एएमडीचे आरएक्स ६४०० वीज आणखी कमी खाते, पण ते स्लॉटच्या फक्त चार मार्गिका वापरते. म्हणून जुन्या, तिसऱ्या आवृत्तीच्या स्लॉटमध्ये त्याचा वेग घटतो, आणि आपल्या सीपीयूत नेमका तोच स्लॉट असतो.

स्वस्तात मिळणाऱ्या आरएक्स ५७० आणि ५८० या कार्डांचा मोह पुष्कळांना होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डांवर रात्रंदिवस आकडेमोड करून ते चलन कमावणे) बंद झाल्यावर अशी वापरून झिजलेली कार्डे ढिगाने बाजारात आली. त्यांना वेगळी वायर आणि दणकट एसएमपीएस लागत असल्याने कार्यालयीन सीपीयूसाठी ती उपयोगाची नाहीत.

बनावट कार्डांची ओळख करून घेणे सर्वांत महत्त्वाचे. जुन्या, जवळजवळ निरुपयोगी कार्डाचे बायोस (त्यात भरलेला मूळ प्रोग्रॅम) बदलून ते १०५० टीआय म्हणून खपवले जाते, आणि विंडोजमध्येही त्याचे नाव तसेच दिसते. अशा वेळी कार्डाची मागची पट्टी पाहावी. १०५० टीआयच्या पिढीत जुन्या निळ्या व्हीजीए पोर्टचा आधारच काढून टाकलेला आहे. तेव्हा १०५० टीआय म्हणून दाखवलेल्या कार्डावर निळा, पंधरा छिद्रांचा पोर्ट दिसला तर संशय घ्यावा. त्यानंतर जीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्रॅम चालवावा. तो पुष्कळ बनावट कार्डे ओळखून नावाआधी तसा शेरा दाखवतो. याच व्हीजीए पोर्टमुळे मॉनिटर घेतानाही विचार करावा लागतो. जुन्या मॉनिटरला केवळ व्हीजीए असेल तर नव्या कार्डासाठी वेगळा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. घरात एचडीएमआय असलेला टीव्ही असेल, तर त्यातला गेम मोड चालू करून सुरुवातीचे काही महिने त्यावर काढावेत आणि मॉनिटरचे पैसे वाचवावेत.

खरेदी आणि वाहतूक

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी येथील दुकानांत कार्यालयीन सीपीयू मिळू शकतात आणि बिघाड झाल्यास माणूस समोर असतो, ही मोठी सोय आहे. निवड मात्र मुंबईत, ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर अधिक. तेथे नातलग असेल तर त्याने स्वतः जाऊन यंत्र चालवून पाहावे. केवळ फोटो पाहून पैसे पाठवू नयेत. पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड, क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) आणि फरमार्क (कार्डावर ताण टाकून तपासणारा प्रोग्रॅम) घेऊन जावे. फरमार्क पंधरा मिनिटे चालवून तापमान कोठे स्थिरावते आणि पडद्यावर ठिपके किंवा पट्टे येतात का, हे पाहावे. संगणक सुरू होताना मदरबोर्डाच्या बायोसमध्ये शिरून पाहायला विसरू नये, कारण कंपनीने टाकलेला पासवर्ड तसाच राहिला असेल तर सिक्युअर बूटसारखी सेटिंग बदलता येत नाहीत. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तारीख मागे जात असेल, तर आतले सीआर२०३२ बटण-सेल संपलेले असते. ते किरकोळ किमतीत मिळते, पण भाव कमी करून मागायला तेवढे निमित्त पुरते. बिलावर कार्डाचा अनुक्रमांक आणि टेस्टिंग वॉरंटीचे दिवस लिहून घ्यावेत.

सीपीयू तुतारी किंवा कोकणकन्येने आणायचा असेल तर ग्राफिक्स कार्ड काढून वेगळे गुंडाळावे, आणि सीपीयू असा आडवा ठेवावा की मदरबोर्ड तळाशी येईल. कार्ड बसवलेल्या स्थितीत हादरे बसले तर त्याच्या वजनाने स्लॉट तुटू शकतो. गणपतीच्या गर्दीत हा खटाटोप करू नये; चाकरमान्याला स्वतःला उभे राहायला जागा मिळत नाही, तेथे आपला सीपीयू तो कोठे ठेवणार? घाटातून एसटीने आणणे तर शेवटचा पर्याय समजावा.

किनाऱ्यावरच्याच कोणाकडून जुने यंत्र घेत असाल तर आधी झाकण उघडायला लावावे. मागच्या पोर्टांच्या कडा, स्क्रूंची डोकी आणि रॅमच्या पट्टीखालचे सोनेरी दात उजेडात धरून पाहावेत. स्क्रूवरचा तांबूस गंज एक वेळ चालेल. पण मदरबोर्डावर एखाद्या चिपच्या पायांशी हिरवट-पांढरी भुकटी धरलेली दिसली, तर ते यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये. खाऱ्या हवेने तांबे खायला सुरुवात केलेली असते आणि ते काम पुढेही चालूच राहते. सोनेरी दातांवर नुसता मळ असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या कापडाने तो निघतो.

वीज, ओल आणि खारी हवा

चांगल्या एसएमपीएसला व्होल्टेजची चढउतार बरीचशी सोसते, म्हणून स्टॅबिलायझरपेक्षा यूपीएसवर पैसे घालावेत. ६०० व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॅट पेलतो, आणि वर सांगितलेले यंत्र मॉनिटरसह त्यात बसते. लाईट गेल्यावर मिळणारी काही मिनिटे गेम जतन करून संगणक नीट बंद करण्यासाठी असतात, डाव पुढे चालू ठेवण्यासाठी नव्हे. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचे बटण यूपीएस मोडवर आहे का, ते पाहावे.

अर्थिंगकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. अनवाणी पायाने सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग तुटलेले किंवा सुकलेले आहे असे समजावे. जांभ्या दगडाच्या कातळावर बांधलेल्या घरांत उन्हाळ्यात हे हमखास घडते. वायरमनला बोलावून तपासणी करून घ्यावी आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहावे. विजांच्या दिवसांत, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या सुमारास आणि परतीच्या पावसात, नुसते बटण बंद करून भागत नाही; प्लग भिंतीतून काढावा आणि मोडेमकडून येणारी लॅन केबलही उपसून ठेवावी. फायबरची तार वीज वाहून आणत नसली, तरी मोडेम स्वतः घरच्या विजेवर असतो आणि तेथून संगणकापर्यंत येणारी केबल तांब्याची असते.

पावसाळ्यात सीपीयू जमिनीवर ठेवू नये, कारण लादीला ओल सुटते. तो स्टुलावर, भिंतीपासून वीतभर दूर आणि समुद्राकडच्या खिडकीपासून लांब ठेवावा. प्लॅस्टिकचे कव्हर घालण्याची सवय मोडावी. ते ओल आत कोंडते, सुती कापड पुरे. या दिवसांत यंत्र रोज तासभर चालवावे, म्हणजे स्वतःच्या उष्णतेने ते आतून कोरडे राहते. मागच्या बाजूच्या रिकाम्या खाचांच्या पट्ट्या हरवल्या असतील तर तेथे जाळी लावावी, अन्यथा उबेला आलेली पाल किंवा मुंग्यांची रांग थेट एसएमपीएसमध्ये मुक्काम करते, आणि पाल मेली की बहुधा एसएमपीएसही जातो. पावसाळा संपल्यावर एकदा झाकण उघडून धूळ काढावी आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली असेल तर बदलावी.

राहता राहिला गेम उतरवून घेण्याचा प्रश्न. जीटीए ५ला १०० जीबीहून अधिक जागा लागते, आणि मोबाइलच्या रोज दीड जीबीच्या पॅकवर ते काम दोन महिन्यांतही पुरे होणार नाही. गावात फायबर पोहोचलेले नसेल, तर मुंबई-पुण्यातील भावंडाच्या संगणकावर स्टीममध्ये आपल्या खात्याने गेम उतरवावा, स्टीमच्याच बॅकअप सोयीने तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावा आणि घरी परत बसवावा. त्यानंतर आपल्याकडे उतरवायचे राहतात ते फक्त नंतरचे अपडेट, आणि तेवढ्याला मोबाइलचे हॉटस्पॉटही पुरते.