आधी प्रश्न नीट मांडा: वर्गात आणि धंद्यात डिझाइन थिंकिंग

मी दिंडोरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. रविवारी नाशकात, धंदा सुरू करू पाहणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांबरोबर बसते. दोन्हीकडे पद्धत एकच वापरते, डिझाइन थिंकिंग. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूलने, म्हणजे तिथल्या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेने, तिचे पाच टप्पे रूढ केले: माणूस समजून घ्यायचा, प्रश्न नेमका मांडायचा, कल्पना काढायच्या, कच्चा नमुना करायचा, तो वापरून पाहायचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही या विषयाचं नाव आहे, त्यामुळे मुख्याध्यापकांकडे जोड तास मागताना ते पान दाखवता येतं. माझा आग्रह एकच: निम्म्याहून जास्त वेळ पहिल्या दोन टप्प्यांना द्या. प्रश्न चुकीचा धरला तर पुढची सगळी मेहनत नको त्या वस्तूवर खर्च होते.

विषय पायी जाता येईल इतका जवळचा घ्या आणि तो बारीक करत न्या. २००३ च्या सिंहस्थात नाशकात चेंगराचेंगरीत ३९ जणांचा जीव गेला. ‘गर्दीचं नियोजन’ हा विषय कुठल्याही मुलाच्या आवाक्याबाहेरचा. पण २०१५ च्या सिंहस्थासाठी नाशिकच्याच एका शाळकरी मुलाने त्यातला एवढाच तुकडा उचलला, की या जागेवरून किती माणसं पुढे गेली? त्यातून पावलं मोजणारी चटई तयार झाली. तुमच्या वर्गालाही असाच एक तुकडा द्या.

आमच्या नववीच्या एका गटाने द्राक्षाची विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढायचं काम, घेतली. कित्येकांच्या आया त्याच कामाला जातात. पहिल्याच तासाला सगळे कात्री सुधारायची चित्रं काढायला लागले. मी वह्या मिटायला लावल्या आणि बागमालकाची परवानगी काढून त्यांना बागेत नेलं. तिथे सुरुवातीला कुणी काही विचारायचं नाही. नुसतं बघायचं आणि हात, पाय, मान काय करतात ते लिहायचं. मग बोलायचं, पण ‘तुम्हाला काय हवंय?’ हा प्रश्न टाळायचा, कारण त्याला लोक ‘काही नको, बरं चाललंय’ म्हणतात. त्याऐवजी घडून गेलेलं विचारायचं: ‘मावशी, काल काम मध्येच कधी थांबवावं लागलं? तेव्हा काय झालं होतं?’

पोरांनी जे टिपलं ते मी जपून ठेवलंय. मंडपाखाली ठेंगण्या बाया उलट्या कॅरेटवर उभ्या राहून घड विरळत होत्या. एक वेल झाली की खाली उतरायचं, वाकून कॅरेट उचलायचं, ठिबकची नळी चुकवून पुढे ठेवायचं, डगमगत नाही ना ते पायाने चाचपायचं, पुन्हा चढायचं. हातात कात्री तशीच. कात्रीबद्दल एकीचीही तक्रार नव्हती. ‘कात्रीचं काही नाही रे पोरांनो, चढून-उतरून गुडघे जातात,’ एक मावशी म्हणाल्या.

आता प्रश्न एका वाक्यात लिहायचा. कोणाला, कोणत्या वेळी, काय करताना, काय त्रास होतो आणि कशामुळे, हे सगळं त्यात आलं पाहिजे. आमचं वाक्य असं झालं: ‘ठेंगण्या बाईला विरळणी करताना दर वेलीला कॅरेट उचलून हलवावं लागतं आणि त्याने गुडघे-कंबर दुखते, कारण माती भुसभुशीत आहे आणि मध्ये नळी येते.’ करायच्या वस्तूचं नाव या वाक्यात येऊ द्यायचं नाही. ‘चांगल्या स्टुलाची गरज आहे’ असं लिहिलंत की उत्तर आधीच ठरवून टाकलंत. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या काही विद्यार्थ्यांना स्वस्त इन्क्युबेटर करायचं काम मिळालं होतं. त्यांच्यातला एक जण नेपाळला गेला तेव्हा दिसलं, की रुग्णालयात इन्क्युबेटर रिकामे आहेत आणि कमी वजनाची बाळं लांबच्या खेड्यांत जन्मतायत. प्रश्नच बदलला. त्यातून बाळाला ऊब देणारी, झोपायच्या पिशवीसारखी वस्तू निघाली.

कल्पना काढायला एक तास पुरतो. आधी प्रत्येकाने गप्प बसून स्वतःच्या कागदावर लिहायचं, मग वाचून दाखवायचं. नाहीतर मोठ्याने बोलणाऱ्या दोघांचीच कल्पना पुढे जाते. शिक्षकाने आपली कल्पना सांगूच नये.

नमुना मोडला तरी वाईट वाटणार नाही इतका स्वस्त हवा. शाळेत थ्री-डी प्रिंटर असला तरी सुरुवात पुठ्ठा, सुतळी आणि जुन्या फळ्यांनीच करा. पोरांनी कॅरेटच्या तळाला प्लायचे दोन तुकडे बांधले, म्हणजे कडा मातीत रुतणार नाहीत, आणि बाजूला दोरी लावली, म्हणजे न वाकता ओढता येईल. वापरून बघताना समजावून सांगायला बंदी. वस्तू हातात द्यायची आणि बाजूला उभं राहायचं. मावशींनी दोरी हातात धरलीच नाही, कारण एका हातात कात्री आणि दुसऱ्यात घड. त्यांनी ती पायात अडकवून बघितली आणि तोल जातोय म्हणून सोडून दिली. ही नोंद सोन्यासारखी! पुढच्या नमुन्यात दोरी गेली आणि पायाने सरकवता येईल अशी पट्टी आली.

धंद्यातही हेच, फक्त चाचणी पैशाने करायची. आमच्या एका माजी विद्यार्थ्याला अंबडच्या एमआयडीसीतल्या कामगारांसाठी डबे सुरू करायचे होते. भांडी, गॅस, गाडी यांचा हिशेबही तयार होता. मी त्याला शिफ्ट सुटायच्या वेळी गेटबाहेर उभं राहायला सांगितलं. ‘डबा घ्याल का?’ हे विचारू नकोस, ‘काल रात्री काय जेवलात, कुठून आणलं?’ एवढं विचार. खोली करून राहणारी पोरं भाजी, वरण-भात स्वतःच करत होती. अडत होतं ते पोळ्यांवर. त्याने शेजारच्या काकूंकडून पोळ्या करून घेतल्या आणि आठवड्याचे पैसे आगाऊ मागितले. ‘कल्पना छान आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यांना हिशेबात धरू नका. ज्याने खिशातून पैसे काढले तोच होकार. आज तो फक्त पोळ्या विकतो, आणि भांड्यांचं कर्ज त्याच्या डोक्यावर नाही.

शाळेत गुण कशाला द्यायचे, हे आधीच जाहीर करा. मी सगळ्यात जास्त गुण निरीक्षणाच्या वहीला देते, त्याखालोखाल प्रश्नाचं वाक्य कितीदा आणि का बदललं त्याला. वस्तूला सगळ्यात कमी. नाहीतर प्रदर्शनाच्या आदल्या रात्री पालक थर्माकोल कापत बसतात आणि मुलांच्या हाती काही लागत नाही.

आणि वेळापत्रक हंगाम बघून लावा. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणी येते, म्हणून बागेतला विषय घ्यायचा तर परवानग्या दिवाळीच्या सुट्टीआधीच काढून ठेवाव्या लागतात. जूनमध्ये सुरू करणार असाल तर पावसाळ्यातला विषय बघा: एसटीच्या थांब्यावर भिजणारी दप्तरं, शाळेच्या रस्त्यावरचा चिखल, ओल्या लाकडांची चूल.