माकी म्हणजे काय, आणि बेळगावच्या इंद्रायणीवर ती कशी वळायची

जपानीत 'माकू' म्हणजे गुंडाळणे. त्यावरून 'माकी' म्हणजे गुंडाळी, आपल्या अळूवडीच्या उंड्यासारखी. पूर्ण शब्द 'माकीझुशी'; जोडशब्दात मागे आली की सुशीची 'झुशी' होते. सुशी म्हणजे कच्चा मासा असा समज बराच पसरला आहे, तो चुकीचा. व्हिनेगर घालून आंबट केलेला भात ही सुशीची खूण. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना साशिमी म्हणतात. त्यामुळे काकडीची 'कप्पामाकी' शुद्ध शाकाहारी असूनही अस्सल सुशीच. 'माकी रोल' म्हणू नका, त्यात एकच गोष्ट दोनदा येते.

'माकी'च्या आधी लागणारा शब्द वळण सांगतो. होसोमाकी बारीक, आत एकच सारण. फुतोमाकी जाड, सारणे तीन-चार. उरामाकीत भात बाहेर आणि नोरी, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पातळ कागद, आत. तेमाकी हाताने वळलेला कोन, तो कापत नाहीत. शिकायला होसोमाकी घ्या.

खरी कसोटी भाताची. बासमती किंवा सोना मसुरी मोकळी होते, सुरळी कापताना सुटते. बेळगाव-खानापूरकडची इंद्रायणी चिकट, म्हणून जपानी तांदळाच्या जागी चांगली चालते. 300 ग्रॅम तांदूळ पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, अर्धा तास भिजवून निथळा, 350 मिली पाण्यात झाकून शिजवा. तांदूळ नवा असेल तर पाणी 30 मिली कमी. दहा मिनिटे वाफ मुरू द्या. 45 मिली तांदळाच्या व्हिनेगरमध्ये 2 मोठे चमचे साखर, 1 लहान चमचा मीठ विरघळवा. किराणा दुकानातले पांढरे व्हिनेगर तिखट असते. ते 30 मिली घेऊन 15 मिली पाणी मिसळा. गरम भात परातीत पसरून हे शिंपडा आणि उलथण्याने कापल्यासारखे हलवा. घोटलात तर खिमट होईल. वारा घालून कोमट करा. कढत भात लावला की नोरी ओली पडून आक्रसते.

नोरी साधारण 21 × 19 सेंमीची असते. ती लांब बाजू दुमडून अर्धी कापा. चकचकीत बाजू खाली ठेवून बांबूच्या चटईवर, म्हणजे माकिसूवर, पसरा. ओल्या हाताने सुमारे 80 ग्रॅम भात लावा, पलीकडची 1 सेंमी पट्टी मोकळी सोडा. भात दाबू नका आणि जाडही लावू नका. कडा जुळत नाहीत ते बहुधा यामुळेच. मध्ये बिया काढलेल्या काकडीची एक काडी ठेवा. बियांचे पाणी सुटले की भात सैल होतो. अंगठ्यांनी चटई उचला, बोटांनी सारण धरा, भाताची अलीकडची कड पलीकडच्या कडेला टेकवा आणि हलके आवळा. जोड खाली ठेवून मिनिटभर थांबा. मग धारदार सुरी ओल्या फडक्याने पुसत आधी दोन, मग प्रत्येकी तीन असे सहा तुकडे करा. सुरी दाबू नका, ओढा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात नोरीचे उघडे पाकीट तासाभरात मऊ पडते. नोरी मंद आचेवर दोन-तीन सेकंद फिरवली की परत कुरकुरीत होते. उरलेली घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वळलेली माकी मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका, भात कडक होतो. वळली की तास-दोन तासांत खा.