गुलमर्गला स्कीइंग: गटात सगळे सारखे नसतील तर आखणी कशी करावी

बारा जणांचा गट जमला की तो साधारण असा असतो: दोघे परदेशात नोकरीला असताना स्कीइंग शिकलेले, तिघे मनालीजवळच्या सोलंगला तासभर पायाला स्की बांधून उभे राहिलेले, चौघांनी बर्फ फ्रीजबाहेर पाहिलेलाच नाही, दोन शाळकरी मुलं आणि ‘तुम्ही जा, मी कहवा पीत बसते’ म्हणणारी आजी. अशा सहलीचा विचका थंडीमुळे क्वचितच होतो. दिवसभर सगळ्यांनी एकाच उतारावर राहायचं, हा हट्ट नडतो. ज्याला स्कीइंग येतं त्याला कंटाळा येतो, ज्याला येत नाही त्याला भीती वाटते आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी गुडघा सुजतो. म्हणून सकाळी पांगायचं आणि दुपारी एका ठरलेल्या जागी जेवायला जमायचं, हे आधी मान्य करून घ्या. बाकीची आखणी त्याभोवती बसते.

यासाठी गुलमर्ग सोयीचं आहे, कारण तिथे तीन पातळ्या एकावर एक आहेत. खाली सुमारे २,६५० मीटरवर गावाचं पठार आणि त्याच्या कडेचे सौम्य उतार, तिथे नवशिके. गोंडोलाच्या, म्हणजे बंद डब्यांच्या केबल कारच्या, पहिल्या टप्प्याने (फेज वन) वर गेलं की सुमारे ३,१०० मीटरवर कोंगडोरी, तिथून खुर्च्यांची लिफ्ट आणि मधल्या दर्जाचे उतार. दुसरा टप्पा, फेज टू, थेट अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्या पुढे नेते. तिथलं बर्फ यंत्राने दाबून सपाट केलेलं नसतं. गोंडोलाने स्की न करणाऱ्यालाही वर जाता येतं आणि त्याच डब्यातून खाली येता येतं. त्यामुळे कोंगडोरी ही जेवायला भेटायची जागा होऊ शकते.

तारखा

इथे महाराष्ट्रातल्या कुटुंबांची पंचाईत होते. मुलांना सुट्टी नाताळात असते आणि बर्फाचा भरवसा तेव्हा सर्वात कमी. काश्मीरमधला कडाक्याचा चाळीस दिवसांचा काळ, चिल्ले कलान, २१ डिसेंबरला सुरू होतो. उतार नीट भरायला त्यानंतरही वेळ लागतो. जानेवारीचा तिसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा त्यातल्या त्यात खात्रीचा काळ. बारावीचा विद्यार्थी घरात असेल तर फेब्रुवारी बाद. मग मार्चचा पहिला आठवडा पाहा: थंडी कमी, पण दुपारनंतर बर्फ चिखलासारखं जड होतं, म्हणून सगळा सराव सकाळी उरकावा लागतो. २६ जानेवारीला जोडून येणारा शनिवार-रविवार टाळा. गोंडोलाच्या रांगेतच दिवस जातो.

हल्ली बर्फ उशिरा पडतं, हेही धरून चाला. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग महिनाभर जवळजवळ कोरडं होतं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तिथले खेलो इंडिया हिवाळी खेळ बर्फाअभावी पुढे ढकलावे लागले. हॉटेलचं बुकिंग तारीख बदलता येईल असंच करा, चार पैसे जास्त पडले तरी.

कुणाला खरंच किती येतं

‘तुला स्कीइंग येतं का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला सगळे ‘बऱ्यापैकी’ म्हणतात. त्याऐवजी गटाच्या व्हॉट्सॲपवर चार प्रश्न टाका: शेवटचं कधी आणि किती दिवस केलंत? लिफ्टने एकट्याने वर जाऊन खाली आलात का? उतारावर हव्या त्या जागी थांबता येतं का? स्की समांतर ठेवून दोन्ही बाजूंना वळता येतं का?

तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तो नवशिका, मग तो तीन देशांत जाऊन आलेला असो. तिसऱ्याला ‘हो’ आणि चौथ्याला ‘नाही’, तर तो मधला. चारही ‘हो’ असले तरी ते यंत्राने दाबलेल्या उतारावरचं कौशल्य आहे. गुडघाभर भुसभुशीत बर्फात तोच माणूस पहिल्या वळणाला पडतो. दहा वर्षांपूर्वी येत होतं म्हणणाऱ्याला एक पायरी खाली धरा.

याच यादीत प्रत्येकाची उंची, वजन आणि पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मागवा. कागदावर पाय ठेवून टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोजायचं. स्कीचे बूट त्याच मापाने मिळतात, २६.५ म्हणजे साडेसव्वीस सेंटिमीटरचा पाय. ही यादी भाड्याच्या दुकानाला आदल्या दिवशी पाठवली तर सकाळचा एक तास वाचतो.

किती दिवस, कुठे राहायचं

गुलमर्गला किमान पाच रात्री. नवशिक्याला थांबणं आणि वळणं जमायला तीन दिवस लागतात; चौथ्या दिवशी मजा येऊ लागते. दोन रात्रींच्या पॅकेजमध्ये फक्त पडणं होतं. परतीच्या आदली रात्र श्रीनगरला काढा. हिमवर्षाव झाला की पायथ्याचं टंगमर्ग ते गुलमर्ग हा तेरा किलोमीटरचा घाट अडतो, आणि एरवीही त्यावर चाकांना साखळ्या लावलेली किंवा चारही चाकांना जोर असलेली गाडीच चढते. श्रीनगरहून आणलेली गाडी टंगमर्गला सोडून दुसरी करावी लागणार का, हे ठरवतानाच विचारून घ्या.

खोली घेताना दोनच गोष्टी महत्त्वाच्या: गोंडोला आणि नवशिक्यांचा उतार चालत किती मिनिटांवर आहे, आणि रात्री हीटिंग किती वाजेपर्यंत चालू असतं. स्कीचे बूट घालून अर्धा किलोमीटर चालणं ही शिक्षा आहे. वीज गेली तर जनरेटरवर हीटिंग चालतं की फक्त दिवे, हेही विचारा.

सिमकार्ड पोस्टपेड हवं. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड कार्डं जम्मू-काश्मीरमध्ये आजवर बंद राहत आली आहेत. पांगलेल्या गटाला फोनच धरून ठेवतो, म्हणून प्रत्येक उपगटात एक चालू फोन असलाच पाहिजे. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. फोन जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा.

शिकवणारा

नवशिक्यांना गटातल्या येणाऱ्याने शिकवू नये. नवऱ्याने बायकोला तर मुळीच नाही. स्वतःला जमणं आणि दुसऱ्याचे पाय कुठे चुकतात ते ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. शिवाय शिकवणाऱ्याची सुट्टीही वाया जाते.

चार, फार तर पाच नवशिक्यांमागे एक प्रशिक्षक. मुलांचा वेगळा. सहा-सात वर्षांच्या मुलाचं लक्ष आणि पाय दीड-दोन तासच टिकतात, पुढे रडारड. प्रशिक्षक ठरवताना नोंदणीचं ओळखपत्र पाहा आणि चार गोष्टी स्पष्ट बोलून घ्या: रोज किती तास, एकाच वेळी किती जण, स्की-बुटांचं भाडं धरलंय की वेगळं, लिफ्टचे पैसे कुणाचे. मोघम सौदा झाला तर भांडण संध्याकाळी ठरलेलं. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था आहे; तिथले अभ्यासक्रम चांगले, पण ठरावीक तारखांचे आणि पूर्ण वेळेचे. एकट्या तरुणाला उत्तम, आजी-नातवंडांच्या गटाला गैरसोयीचे.

सामान: काय न्यायचं, काय भाड्याने

स्की, बूट, काठ्या, हेल्मेट भाड्याने. हातमोजे, डोळ्यांवरचा गॉगल, मोजे आणि आतले थर्मल स्वतःचे. सुती काहीच नको, जीन्स तर नकोच. ओलं सूत अंगाला चिकटून उब खेचतं. थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पाणी न शिरणारं जाकीट आणि पँट, एवढे तीन थर पुरतात. टंगमर्गला मिळणारे गमबूट ताज्या बर्फात ठीक. घट्ट झालेल्या बर्फावर ते साबणासारखे घसरतात. आजीसाठी बुटांवर चढवायच्या खिळ्यांच्या पट्ट्या घरूनच घेऊन जा.

बुटात चुकलं तर सगळा दिवस चुकतो. एकच मोजा घालायचा, दोन नाहीत. दोन मोज्यांमध्ये पाय सरकतो, फोड येतात आणि रक्त अडून बोटं जास्त गारठतात. थर्मलचा पाय बुटात कोंबू नका, घडी नडगीला रुतते. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवले की मागे सरकावीत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. दुकानदार ‘सैल बरा’ म्हणेल, ऐकू नका.

नवशिक्याची स्की हनुवटीपर्यंत उंच असावी. काठी उलटी धरून टोकाजवळच्या चकतीच्या खाली पकडली की कोपर काटकोनात यावं. आता सर्वात महत्त्वाचं: बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. पडल्यावर बूट स्कीपासून सुटावा म्हणून तिच्यावर एक आकडा लावलेला असतो. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरतो. साठ-पासष्ट किलोच्या नवशिक्या माणसासाठी तो साधारण ४ च्या आसपास येतो. आधीच्या गिऱ्हाइकाचा ७-८ तसाच राहिला असेल तर स्की सुटणार नाही आणि सगळा पीळ गुडघ्याच्या अस्थिबंधावर येईल. पुढचा आणि मागचा, दोन्ही आकडे स्वतः डोळ्यांनी पाहा. दोन्ही स्कींचे.

खिशात राजगिऱ्याचे लाडू किंवा खजूर ठेवा. चिक्की नको, त्या थंडीत ती दगड होते.

दिवसांची मांडणी

पहिल्या दिवशी कुणीच स्की करायची नाही. समुद्रसपाटीवरून एका दिवसात अडीच हजार मीटरच्या पुढे गेल्यावर डोकं जड होणं, झोप न लागणं हे होतं. पाणी भरपूर, दारू बंद, संध्याकाळी बूट घालून पाहायचे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी नवशिके आणि मुलं खालच्या उतारावर. सपाटीवर चालणं, पडणं, उठणं, मग स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून थांबणं. पडायचं बाजूला, मागे नाही. उठताना स्की उताराला आडव्या करायच्या, नाहीतर उठता उठताच घसरगुंडी सुरू होते. मधले आणि पट्टीचे त्या वेळी कोंगडोरीच्या लिफ्टवर. पण तेही पहिला तास सोप्या उतारावरच; मैदानातून आलेल्या मांड्या तिसऱ्या फेरीतच थरथरू लागतात.

चौथ्या दिवशी साडेबाराला कोंगडोरीला सगळे. नवशिक्यांनी आणि आजीने गोंडोलाने जायचं आणि गोंडोलानेच खाली यायचं. इथेच गडबड होते: जेवण झाल्यावर कुणीतरी म्हणतं, ‘चल, सावकाश उतरू, मी आहे ना.’ तीन दिवसांच्या नवशिक्यासाठी कोंगडोरीपासून खालपर्यंतची वाट लांब आहे, आणि थकलेल्या पायांना मध्येच सोडून देता येत नाही. परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा म्हणजे चर्चाच होणार नाही. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन, फेजनुसार वेगळी आणि ओळखपत्रावर मिळतात. स्की करणाऱ्यांच्या पासची चौकशी स्वतंत्र करा.

शेवटची फेरी साडेतीनपर्यंत. दुखापती बऱ्याचदा ‘अजून एकदाच’ म्हणून घेतलेल्या फेरीत होतात: पाय दमलेले, उजेड इतका सपाट झालेला की खाचखळगे दिसत नाहीत, बर्फ पुन्हा गोठत चाललेलं.

फेज टूबद्दल

आजी-मुलांना फेज टूला न्यायचंच असेल तर हवा स्वच्छ असताना अर्धा तास, आणि हृदयविकार, दमा किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. वाऱ्यामुळे किंवा हिमस्खलनाच्या धोक्यामुळे ती बंद असणं नेहमीचं आहे, म्हणून दिवसाचा कार्यक्रम तिच्यावर टांगू नका.

स्कीने तिथून उतरणं हे फक्त भुसभुशीत बर्फात सराव असलेल्यांचं काम. त्या दिवसाचं हिमस्खलन-सूचनापत्र वाचायचं, स्थानिक गाइड घ्यायचा, आणि प्रत्येकाच्या अंगावर बर्फात गाडलेल्याला शोधायचं यंत्र, फावडं आणि लांब सळई असायची. ती वापरता आली पाहिजेत. गाडलेल्या माणसाकडे पंधराएक मिनिटंच असतात. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन पर्यटक गेला. ही माणसं पहिल्यांदा बर्फावर आलेली नव्हती. गटात असा पट्टीचा माणूस एकच असेल तर त्याने एकट्याने वर जायचं नाही. गाइडबरोबर जायचं नाहीतर मधल्या उतारांवर समाधान मानायचं. टंगमर्ग किंवा बाबारेशीच्या बाजूने झाडीतून उतरणार असाल तर खाली परत आणणारी गाडी आधी ठरवा. त्या वाटा गोंडोलापाशी येत नाहीत.

दुखापत आणि परतीचा दिवस

विम्याची कागदपत्रं निघण्याआधी वाचा. बऱ्याच प्रवास विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात, आणि त्या शब्दाच्या व्याख्येत स्कीइंग येतं की नाही हे कंपनीकडून लेखी घ्या. हाड मोडल्याची शंका असेल तर श्रीनगरला बरझुल्ला इथे सरकारी अस्थिरोग रुग्णालय आहे. रस्ता मोकळा असेल तर दोनेक तास धरा. पडल्यावर गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज आला आणि तो लगेच सुजला, तर दुखणं थांबलं तरी पुन्हा स्की घालायची नाही.

परतीच्या दिवशी भाड्याचं सामान आदल्या संध्याकाळीच मोजून द्या आणि ठेवलेलं ओळखपत्र परत घ्या. सकाळी दुकान उशिरा उघडतं. श्रीनगर विमानतळावर बाहेरच्या फाटकापासून तपासणीच्या रांगा लागतात, तीन तास आधी पोचा. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत राहिली तर बॅग उघडावी लागते आणि सगळा गट तिथेच खोळंबतो.